पांढऱ्या करकोच्याचं वाण

करकोचे आधी ऐकू येत, मग दिसत. माय अंगणात ज्वारी पाखडत असली की हातातलं सूप थांबवून वर बघे आणि म्हणे, “आले मेले.” एवढंच त्यांचं स्वागत. दिवाळी होऊन गेलेली असे, पहाटेची गोधडी सोडवत नसे, आणि आकाशात खूप उंचावर त्यांची कर्र-कुर्र सुरू होई. ही पाखरं बर्फाच्या मुलखातून येतात, पुढच्या वाटेवर जाण्याआधी आमच्या तलावावर दम खातात, फाल्गुनात परत जातानाही टेकतात, हे सगळं मला फार पुढं, नातवाच्या पुस्तकात वाचून कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की ती हरभरा खातात, आणि हरभरा आमचा आहे.

आमचं गाव वडनेरच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. गावाच्या खालच्या अंगाला तलाव. पावसाळ्यात तो पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, टेके, आणि थंडी लागली की पाणी मागं मागं हटू लागे. मोकळ्या झालेल्या काळ्या गाळात लोक हरभरा पेरत, त्याला गाळपेर म्हणत. खत नको, पाणी नको, पीक मात्र कमरेला लागे. त्यामुळं दरवर्षी नांगर पाण्याकडं थोडा थोडा सरके. बाबांचा तुकडा सगळ्यात खालचा, पाण्याला लागून. त्याच्यापुढं उथळ चिखलात एक गवत उगवे, त्याच्या मुळांशी सुपारीएवढे कंद धरत. आम्ही पोरी ते उकरून राखेत भाजून खात असू. गोडसर लागत, दातात थोडी रेती येई. पांढऱ्या करकोच्यांना हेच कंद हवे असत.

पांढरे फार नसत. राखी करकोच्यांच्या थव्यांबरोबर कधी एखादी जोडी येई, कधी जोडीसोबत एखादं तांबूस पिल्लू. माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच पाखरू, धुतल्या धोतरासारखं पांढरं, तोंड मात्र लालबुंद. उडालं तरच पंखांची काळी टोकं दिसत. राखी करकोचे पहाटे हरभऱ्यात घुसून घाटे सोलून खात, पण पांढऱ्यांनी आमच्या पिकाला कधी चोच लावली नाही. दिवसभर ते गुडघाभर पाण्यात उभे राहून चिखल उकरत. तरी शिव्या सगळ्यांना सारख्याच बसत. आता ही जात आपल्या देशात येतच नाही म्हणतात. आमच्या तलावात आज बेशरमाची झाडं आणि पाण्याच्या मोटारी आहेत, कंद उकरायला जागा नाही. येऊन तरी काय करतील?

हरभऱ्याची राखण माझ्याकडं आणि मनाबाईकडं असे. मनाबाई माझी थोरली बहीण, नाव मनकर्णा. बाबांनी शेतात चार बल्ल्यांवर माळा बांधून दिला होता, त्यावर आम्ही सकाळपासून बसत असू, मी डबे बडवायला आणि ती गोफण चालवायला. तिच्या गोफणीतला दगड जिथं सांगाल तिथं पडे. पाखराला लागू द्यायचा नाही, त्याच्या पुढ्यात पाडायचा, ही तिची पद्धत. “लागला त मरन ना वं ते,” असं ती म्हणे. माय भाकरी घेऊन येई. भाकरीवर झुणका, कांदा, आणि शेतातलीच कोवळी हरभऱ्याची भाजी मीठ-मिरची-तेल लावून चुरलेली. मनाबाई हसरी होती, खादाड होती, आणि एकदा नाही म्हटलं की नाहीच म्हणे. हा शेवटचा गुण आमच्या घरात कुणालाच आवडत नसे.

त्या वर्षी तिला स्थळ आलं. जळगाव जामोदकडचे लोक, सातपुड्यातल्या लाकडाचे ठेकेदार. दारात जीप, घरात दुनाळी बंदूक. मुलाचं नाव विनायकराव. निरोप आला तो असा की मुलगी बघायला येतो, आणि तुमच्या तलावावर करकोचे उतरतात असं ऐकतो, तर तेही होऊन जाईल. एका खेपेत दोन्ही कामं. बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट छाती फुगली. गावभर सांगत सुटले, “जावई शिकारी हाये आपला.” अजून मुलगी दाखवायची होती, पण बाबांनी जावई करून टाकला.

ते लोक सांगितल्यापेक्षा लवकर आले आणि घरी न येता परस्पर तलावावर गेले. त्यामुळं विनायकरावांनी मनाबाईला पाहण्याआधी मनाबाईनं त्यांना पाहिलं. आम्ही माळ्यावर होतो, अंगावर फाटकी लुगडी. पाळीवरून बाबा आणि नानाकाका त्यांच्या मागं मागं येत होते. नानाकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, ज्याच्या घरी जेवण त्याच्या हो ला हो करणारा माणूस. पांढऱ्यांची एक जोडी नेहमीच्या जागी चिखल उकरत होती. बार झाला, राखी करकोच्यांचा सगळा थवा किंचाळत उठला, आणि पाण्यात एक पांढरं पाखरू पंखावर कलंडून पडलं. त्याचा जोडीदार उडाला, एक फेरी मारली आणि परत येऊन थोडा दूर उतरला.

नानाकाका चिखलात शिरून पाखरू घेऊन आला. पंख मोडला होता, बाकी जिवंत होतं. तो मान पिरगाळणार तेवढ्यात विनायकराव म्हणाले, “मारू नका नाना. याले बांधा पाण्याच्या कडंला. दुसरं येते का पाहू.” काकानं बैलाचं दावं आणलं, खुंटी ठोकली, पाय बांधला. पाखरू उभं राहिलं, पण ओरडेना. तेव्हा विनायकरावांनी एक काठी घेतली आणि त्याच्या बांधलेल्या पायावर मारली. ते ओरडलं. बासरीसारखा बारीक आवाज होता, राखी करकोच्यांसारखा घोगरा नव्हे. दुसरं पाखरू जवळ आलं. विनायकरावांनी बार टाकला, तो चुकला. ते उडालं, फिरलं, पुन्हा उतरलं. पुन्हा काठी, पुन्हा ओरडणं. मोडलेला पंख ओढून पाहिला, तेव्हा ते जास्त ओरडलं, म्हणून मग पंखच ओढायचा असं ठरलं. बाबा बाजूला उभे राहून हसत होते, ते मला अजून दिसतं. दुसरा बारही चुकला. शेवटी विनायकरावांना भूक लागली, तेव्हा त्यांनी पाखराच्या मानेवर बूट ठेवला. मग वर बघितलं, आम्ही दिसलो. “काय पोरींनो, हरभरा बरा हाये का औंदा?” असं अगदी गोड आवाजात विचारलं. मनाबाईनं त्यांच्याकडं पाठ फिरवली.

घरी आमच्या चुलीवर मटण-मच्छी चालत नसे. नानाकाकानं मागच्या अंगणात तीन दगड मांडले, पाखरू सोललं, आणि पोट फाडल्यावर मोठ्यानं म्हणाला, “मादी होय बे ही. अंड्याची लड पाहा.” कोंबडीच्या पोटात दिसते तशी, खसखशीएवढ्या पिवळट दाण्यांची लड होती. मी पाहिली, विटाळलेलं भांडं घ्यायला आलेल्या मनाबाईनंही पाहिली. मग तिला नऊवारी नेसवून पाटावर बसवलं. मुलाच्या वडिलांनी नाव विचारलं, शिवण येतं का विचारलं. विनायकराव दात कोरत होते. मांस चिवट होतं म्हणाले, मुलगी पसंत आहे म्हणाले. त्याच बैठकीला सुपारी फुटली.

पाहुणे गेल्यावर मनाबाई भांडी घासत होती आणि माय राख देत होती. मनाबाई म्हणाली, “माय, मले तो माणूस नोको.”

“काऊन? काणा हाये का लंगडा हाये?”

“त्यानं पाखराले काय केलं ते मी पाह्यलं.”

“पाखराले केलं. माणसाले केलं का?”

“करन ना उद्या.”

“तोंड मीट,” माय म्हणाली. “सुपारी फुटली आता. अन् हे भांडं पुन्हा घास, वास येऊन राह्यला.”

दुसऱ्या दिवशी आम्ही माळ्यावर गेलो तर तो राहिलेला पांढरा करकोचा खुंटीजवळ उभा होता. खुंटी काढली नव्हती, दावंही तिथंच पडलेलं. तो त्याच्याभोवती फिरे, थांबे, मान वर करून तोच बासरीसारखा आवाज काढी, आणि उत्तर येत नाही असं दिसलं की पुन्हा फिरे. राखी करकोच्यांचे थवे आले आणि गेले, हा गेला नाही. पाणी आणखी मागं सरलं तरी हा त्या खुंटीच्या आसपासच. ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही, आणि पसरली ती शेजारच्या गोदाकाकूच्या तोंडून. गोदाकाकू म्हणजे गावातल्या सगळ्या हळदीकुंकवाची मुखत्यार. तिनं पाळीवरून एकदा पाहिलं आणि जाहीर केलं, “सतीचं पाखरू होय माय हे. धनी गेला, अन् हिनं अन्नपाणी सोडलं.”

आता अन्नपाणी सोडल्याचं म्हणाल तर तो करकोचा रोज पोटभर कंद खात होता. आम्ही दिवसभर त्याच्यासमोर बसलेल्या होतो, आम्हाला दिसत होतं. पण बायकांनी एकदा ठरवलं की ठरलं. कुणी म्हणे तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतं. कुणी म्हणे ती सूर्याकडं तोंड करून बसते. ज्यांच्या नवऱ्यांनी त्यांना आदल्याच दिवशी झोडपलेलं होतं त्या बायकाही लांबून हात जोडून जात. आणि प्रत्येकीच्या बोलण्याचा शेवट मनाबाईपाशी येई. तिची सुपारी फुटली त्याच दिवशी हे घडलं, म्हणजे केवढा शकुन! पोरीनं असंच राहावं नवऱ्यापाशी, त्यानं काही केलं तरी. माय हे ऐकून मान डोलवी. बाबा तर हे बोलणं जळगाव जामोदला कळवायला निघाले होते.

संक्रांत आली. आमच्याकडं सुगडात बोरं, घाटे, उसाची कांडकी, तिळगूळ भरून वाण देतात. गोदाकाकूनं ठरवलं की यंदा पहिलं वाण त्या पाखराला द्यायचं, आणि ते मनकर्णाच्या हातानं. दुपारच्या वेळी बायकांचा घोळका पाळीवरून उतरला. मनाबाईला नवं हिरवं लुगडं नेसवलं होतं, हातात सुगड दिलं होतं. करकोचा आम्हाला पाहून थोडा सरकला आणि पाण्यात उभा राहिला. गोदाकाकूनं खुंटीला हळदकुंकू वाहिलं. ज्या खुंटीला बांधून ती मारली, त्याच खुंटीला. मग म्हणाली, “ठेव पोरी वाण, अन् माग, माय, मले बी तुझ्यावाणी कर.”

मनाबाई हलेना. मायनं मागून कोपर टोचलं. तेव्हा ती वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अवं, तो नर होय! मेली ती मादी होती. नानाकाकानं पोट फाडलं तवा अंड्याची लड निंघाली, या सुमीनं पाह्यली, मी पाह्यली. हा नर बसून राह्यला.”

मग गोदाकाकू म्हणाली, “नर बसते का वं कधी बाईसाठी?”

आणि सगळ्या हसल्या. एकजात सगळ्या. काही तर पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मायसुद्धा हसली, आणि हसणं संपल्यावर तिनं मनाबाईच्या थोबाडीत मारली. सुगड पडून फुटलं, बोरं चिखलात गेली. दुसरं सुगड आणलं, मनाबाईचा हात धरून ते ठेववून घेतलं, आणि बायका गाणं म्हणत घरी गेल्या. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. त्यातली एकही बाई आता हयात नाही, तरी येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनाबाई माळ्यावर चढली नाही. गोफण घेऊन सरळ पाण्याकडं गेली. मी मागं धावले. आधी तिनं दगड पाखराच्या पुढ्यात पाडले, नेहमीसारखे. “जाय, उड! जाय ना बे!” असं ओरडत होती. तो उडाला, तलावावर फेरी मारली, खुंटीपाशी उतरला. पुन्हा दगड, पुन्हा फेरी, पुन्हा खुंटी. हे किती वेळ चाललं कोण जाणे. ती रडत होती, शिव्या देत होती, ज्या शिव्या तिला येतात हे मला माहीत नव्हतं त्या देत होती. मग तिनं पाखराकडं नीट बघितलं, दगड निवडला, आणि या वेळी पुढ्यात पाडला नाही.

तो डोक्याला लागला. मान पाण्यात गेली, पंख दोनदा उघडले. मनाबाई लुगडं खोचून चिखलात शिरली, त्याला ओढून कडेला आणलं आणि शेजारी बसली. मी रडत विचारलं, “काऊन मारलं वं तू त्याले?” ती म्हणाली, “आता मले दाखवायले काई राह्यलं नाही त्यायच्यापाशी.” तिला वाटलं होतं, शकुनच मेला की लग्न मोडेल. सतीचं पाखरू मारणारी पोर कोण घरात घेईल? हे तिनं रात्रभर विचार करून ठरवलेलं होतं, आणि ते ठरवताना तिच्यासारख्या हुशार मुलीनं आपल्या बापाचा हिशेब धरला नाही.

बाबांनी तिला गुरासारखं मारलं, पण तोंडावर नाही. तोंड लग्नात दिसणार होतं. मग अंगरखा घातला आणि दुपारच्या गाडीनं जळगाव जामोदला गेले. वैशाखातलं लग्न त्यांनी माघाच्या पहिल्या मुहूर्तावर आणलं. गावात बोभाटा झालाच होता, तो व्याह्यांच्या कानावर जाण्याआधी अक्षता पडायला हव्या होत्या. गोदाकाकूला लुगडं देऊन गप्प केलं. मनाबाईला घरात कोंडून हळद लागेपर्यंत बाहेर काढलं नाही. वैशाखापर्यंत तिला आणखी तीन महिने मिळाले असते. काही घडलं असतं, नसतं, कोण सांगावं. ते तीन महिने तिनंच आपल्या हातानं घालवले.

आणि व्याह्यांपासून लपवलेलं राहिलंही नाही. मांडवात नानाकाकानं, दोन घोट पोटात गेल्यावर, नवरदेवाला सगळं सांगून टाकलं. बाबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. मी बोहल्याजवळच उभी होते, आणि देवाशपथ सांगते, मला आनंद झाला. मला वाटलं, आता उठतील, आता वरात परत जाईल. मनाबाईनंही मान वर केली होती. विनायकराव खो खो हसले. म्हणाले, “एकाच दगडात? मले दोन बारात जमलं नोतं!” आणि मुंडावळ्यांतून तिच्याकडं असं बघितलं की मी माझी नजर खाली घातली. तिची मान खाली गेली ती मग मी वर झालेली पाहिली नाही. मनाबाई त्या घरात कशी राहिली हे मी इथं लिहिणार नाही. तिची मुलं हे वाचतील, आणि त्यांना त्यांचा बाप आवडतो.

वरात गेल्यावर संध्याकाळी मांडवाचे वासे उतरवत होते. माय मागच्या अंगणात उरलेलं अन्न निवडत बसली होती. तिनं माझ्यासाठी ताट वाढलं. वरण, वांग्याची भाजी, बुंदी. मी जेवणार नाही म्हटलं. म्हटलं, “माय, तो माणूस कसा हाये हे तुले मनाबाईनं सांगतलं होतं. तुले खरं नाही वाटलं?”

माय बुंदीतले खडे काढत राहिली. मग म्हणाली, “तिनं सांगाची गरज नोती. त्या दिवशी तुमच्यासाठी भाकरी घेऊन येऊन राह्यली होती मी. पाळीमांगंच उभी होती. काठी पाह्यली, बूट पाह्यला, सारंच पाह्यलं.”

“मंग?”

“मंग काय? तिच्यामांगं तू हायेस. ती घरात बसली असती त तुले कोणं इचारलं असतं?”

आवाज चढवला नाही तिनं, रडलीही नाही. पदरानं हात पुसून ताट माझ्याकडं सरकवलं. दिवसभर माझ्या पोटात काही नव्हतं. मी जेवले.